कडुनिंबाला प्लेटचं सर्टिफिकेट हवंच कशाला?

कोथरूडची मायक्रोवाली:
काल इथे वैद्यबुवांनी लिहिलं की कडुनिंब, हळद, त्रिफळा हजारो वर्षं सिद्ध आहेत, कॉलेजची पोरं प्लेटवर गोल मोजून उगाच शहाणपणा करतात. वाचून डोकंच फिरलं. मी मायक्रोबायोलॉजीच्या एमएस्सीला हेच केलंय हो. प्लेटमधल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, स्टॅफ हा जंतू पसरायचा, वर ६ मिमीची अर्क लावलेली कागदी डिस्क, ३७ डिग्रीला रात्रभर. अर्क पसरून जिथे जंतू वाढत नाहीत तिथे गोल दिसतो. सकाळी दालचिनीभोवती स्वच्छ गोल दिसला, मी नाचायचीच बाकी होते, आणि शेजारी नुसत्या इथेनॉलच्या (अर्क ज्यात काढला ते अल्कोहोल) डिस्कभोवती पण बारीक गोल! डिस्का नीट वाळवल्याच नव्हत्या. तुलनेची ती बिनअर्काची डिस्क, म्हणजे कंट्रोल, नसता तर सगळं श्रेय दालचिनीला देऊन मोकळी झाले असते.

शनिवारातला वैद्य:
लिहिलं ते मागे घेत नाही. तुम्ही इथेनॉलमध्ये अर्क काढता, आम्ही पाण्यात काढा उकळतो, मग परीक्षा कोणाची झाली? माझे वडील चिघळलेल्या जखमा त्रिफळ्याच्या काढ्याने धुवायचे, भरलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात.

कोथरूडची मायक्रोवाली:
मग काढाच लावू प्लेटवर, अडवलंय कोणी? आणि रोज स्वच्छ धुतली तर जखम कित्येकदा साध्या पाण्यानेही भरते.

पाषाणकर:
जखमेवर हळद वापरण्याचं अमेरिकन पेटंट विसरलात? १९९५ ला दिलं, १९९७ ला रद्द, माशेलकरांच्या सीएसआयआरने, आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, जुने ग्रंथ समोर टाकले म्हणून. तिथे कोणी प्लेट मागितली नाही.

कोथरूडची मायक्रोवाली:
अहो, ते "यात नवीन काही नाही" म्हणून रद्द झालं. हळदीने किती जंतू मरतात हा प्रश्नच नव्हता तिथे.

मंडईजवळची:
तुम्ही भांडा, पण मुळात वनस्पती तीच आहे का ते कोण बघतं? कोविडमध्ये आईसाठी रस्त्यावरून गुळवेल आणली, शेजारच्या बॉटनीच्या बाईंनी कांडी हातात घेतली, बोटाने तिच्यावरचे फोड दाखवले, मोडली तर दुधासारखा चीक, म्हणाल्या ही गुळवेल नाही, तिची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची दुसरीच वेल. आठ दिवस आई तेच पीत होती!! अजून राग येतो.

कोथरूडची मायक्रोवाली:
म्हणून तर आमच्या गाईडनी फांदी दाबून, वाळवून कोरेगाव रोडला बीएसआयमध्ये (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) ओळख पटवून आणल्याशिवाय अर्काला हात लावू दिला नाही.

शनिवारातला वैद्य:
हे मात्र मान्य, बाजारातल्या भेसळीने आमचंच नाव जातं. पण गोल लहान म्हणजे औषध कुचकामी हे ऐकून घेणार नाही.

पाषाणकर:
त्यात वैद्यांचं बरोबर आहे. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात धड विरघळत नाही, आगरमधून पसरणार कसं? गोलावर थांबू नका, एमआयसी काढा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं ते.

कोथरूडची मायक्रोवाली:
हो, ते खरंय. आम्ही नुसते गोलाचे मिलिमीटर मोजून प्रॅक्टिकलचं जर्नल सबमिट केलं होतं.

शनिवारातला वैद्य:
ठीक. वडिलांच्या रीतीने काढा करून देतो, सोळा पट पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत. गोल नाही आला तरी मी वापरणं सोडणार नाही, सांगून ठेवतो.

कोथरूडची मायक्रोवाली:
नका सोडू. शनिवारी आणा, आणि त्याच पातेल्यात नुसतं उकळलेलं पाणी पण वेगळ्या बाटलीत आणा, तो आपला कंट्रोल.