मदत हवी आहे: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डासाठी २७ इंची मॉनिटर, सिंकबद्दल शंका

कोथरूड_गेमर:
व्हॅलोरंटमध्ये २०० च्या वर एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) मिळतात, मोठ्या गेम्समध्ये ४० ते ७०. दोन पर्याय आहेत: १०८०पी २४० हर्ट्झ व्हीए किंवा १४४०पी १८० हर्ट्झ आयपीएस (हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो; व्हीए, आयपीएस हे पॅनेलचे प्रकार). दोन्हींवर फ्रीसिंक (पडद्याचा वेग एफपीएसशी जुळवणारं तंत्र) लिहिलंय, 'जी-सिंक कंपॅटिबल' कुठेच नाही. एनव्हिडियाच्या कार्डावर चालेल का? पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेताना काय तपासू?

रिफ्रेश:
चालायला हवं. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून जीटीएक्स १० सिरीज आणि पुढच्या कार्डांना डिस्प्लेपोर्टवरून अडॅप्टिव्ह सिंक (फ्रीसिंक यावरच चालतं) खुलं केलंय. 'जी-सिंक कंपॅटिबल' लेबल म्हणजे त्यांनी स्वतः तपासून पास केलेलं मॉडेल, एवढंच. लेबल नसेल तर सिंक आपोआप सुरू होत नाही, हातानं करावं लागतं. केबल डिस्प्लेपोर्टचीच लावा. मॉनिटरचं एचडीएमआय २.० असेल तर १४४०पीला साधारण १४४ हर्ट्झवर गाडी थांबते.

तुमचे एफपीएस ४० पर्यंत उतरतात, म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याआधी सिंकची रेंज (किती ते किती हर्ट्झमध्ये सिंक चालतं) बघा. ४८ ते १८० असेल तर उत्तम. एफपीएस ४० झाले की प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो आणि सिंक टिकतं. यालाच एलएफसी म्हणतात. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या किमान दुप्पट हवा. ४८ ते ७५ रेंजमध्ये ८० बसतच नाही, त्यामुळे चित्र फाटतं नाहीतर अडखळतं.

पेठेतला_पिक्सेल:
१४४०पी आयपीएस घ्या. २७ इंचावर १०८०पी म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, अक्षरं दाणेदार दिसतात. १४४०पीला १०९ होतात. स्वस्त व्हीएमध्ये काळ्या भागात हलणाऱ्या वस्तूंमागे डाग ओढल्यासारखे दिसतात, शिवाय एफपीएस वरखाली झाले की सिंक चालू असताना पडदा लुकलुकू शकतो. काळा रंग व्हीएचाच गडद, हे खरं. अंधाऱ्या खोलीत खेळत असाल तर विचार करा.

'१ एमएस एमपीआरटी' (हलतं चित्र किती कमी धूसर दिसतं याचा आकडा) बघून ठरवू नका. तो आकडा बॅकलाइट चमकवून मिळतो आणि बहुतेक मॉनिटरमध्ये तेव्हा सिंक बंद होतं.

कोथरूड_गेमर:
आयपीएस नक्की. सेटिंगचा क्रम सांगाल का?

रिफ्रेश:
केबल ग्राफिक्स कार्डात लावा, मदरबोर्डमध्ये नको (ही चूक फार होते). मॉनिटरच्या मेनूत अडॅप्टिव्ह सिंक चालू करा, बऱ्याचदा ते बंदच येतं. विंडोज ११ मध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे १८० निवडा, नाहीतर ६० वरच राहू शकतं. मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'सेट अप जी-सिंक' उघडून वरची आणि खालची, दोन्ही खुणा करा. व्ही-सिंक (एफपीएस पडद्याच्या वेगाला बांधणारी सेटिंग) त्याच पॅनेलच्या 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'मध्ये चालू, गेममध्ये बंद. एफपीएसला १७५ च्या आसपास लगाम घाला, कारण १८० गाठले की व्ही-सिंक मधे येतं आणि माउस जड वाटतो.

मॉनिटरच्या मेनूतलं ओव्हरड्राइव्ह (पिक्सेलचा रंग झपाट्यानं बदलायची सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सर्वात वरच्या पायरीवर, विशेषतः एफपीएस कमी असताना, वस्तूंभोवती उजळ कडा दिसतात.

पेठेतला_पिक्सेल:
दुकानातच खोका उघडून मॉनिटर चालू करायला सांगा. पेनड्राइव्हवर पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं अशी पाच कोरी चित्रं न्या आणि दुकानातल्या पीसीवर पूर्ण पडदाभर लावा. काळ्यावर कोपऱ्यातून उजेड गळतो का, बाकीच्यांवर मेलेले पिक्सेल आहेत का, ते दिसेल. किती पिक्सेल गेल्यावर बदलून मिळतो हे पैसे देण्याआधी विचारा, आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.