नीतिमत्त्व की न्याय? ‘भुकेले व तान्हेले’ नेमके कशाचे?

सदरकर:
येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात (मत्तय ५:६) आपल्या मराठी बायबलात ‘नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले’ धन्य म्हटले आहेत. संडे स्कूलपासून पाठ असलेलं वचन. गेल्या महिन्यात आमच्या घरच्या प्रार्थनासभेत तेच वाचलं. एका दवाखान्यात ठेक्यावर झाडलोट करणाऱ्या मावशी दाराशी बसल्या होत्या. ठेकेदाराने त्यांचा तीन महिन्यांचा पगार अडवलाय. वाचून होताच त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “नीतीची तहान कोनाले लागते जी? तहान लागते न्यायाची.”
कोणालाच उत्तर देता आलं नाही. मूळ शब्द काय आहे? आणि ‘नीतिमत्त्व’ आज ऐकणाऱ्याच्या कानात काय पोचवतो?

महालकर:
आधी लेखन: नीतिमत् + त्व, म्हणून ‘महत्त्व’सारखेच यातही दोन त. बरेच जण एक गाळतात.
मूळ ग्रीक शब्द ‘दिकाइओसुने’. त्याच्या पोटात ‘दिके’ आहे, म्हणजे न्याय, खटला, निवाडा. स्पॅनिश बायबलमध्ये इथे सरळ ‘न्याया’ची भूक आहे. आपल्या नागपुरात हिंदी उपासनेला जाणाऱ्यांना हेच वचन ‘धर्म के भूखे और प्यासे’ असं ऐकू येतं. एकाच गावात दोन कानांवर दोन अर्थ.
आजच्या मराठीत ‘नीतिमान’ म्हटलं की दारू न पिणारा, खोटं न बोलणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. शेजाऱ्याची मजुरी कोणी बुडवली तर हा नीतिमान काय करतो, ते त्या शब्दात ऐकू येत नाही. मावशी शब्दाच्या मुळाशी आपल्या सगळ्यांच्या आधी पोचल्या.

धंतोलीकर:
महालकर काका, थोडी असहमती. ‘न्याय’ मराठीत मिळतो, मागावा लागतो, तोही दुसऱ्याकडून, बहुतेक कोर्टाकडून. ‘नीतिमत्त्व’ स्वतःच्या अंगी बाणवावं लागतं. ते काढून टाकलं तर वचनातलं माझं काम सुटतं आणि फक्त मागणी उरते.
जुन्या कराराच्या हिब्रूत जोडी आहे: ‘मिश्पात’ (न्याय) आणि ‘त्सेदाका’ (नीतिमत्त्व). संदेष्टा आमोसने (५:२४) दोन्ही एकत्र वाहायला सांगितलेत, पाण्यासारखे. हा आमोस मेंढपाळ, आणि त्याचा राग कुठे, तर माप लहान करून धान्य विकणाऱ्यांवर, गव्हाचा केरकचरा गरिबाच्या पदरात टाकणाऱ्यांवर. म्हणजे पायली चोरणारा देवळात कितीही गायला तरी तो नीतिमान नाही. हेच वचन मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये उच्चारलं. ते बाप्टिस्ट पाळक होते, कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीसाठी त्यांना वेगळी भाषा शोधावी लागली नाही.
पंडिता रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात येऊन उपाशी मुलींना घेऊन गेल्या. त्याला दया म्हणा, नीतिमत्त्व म्हणा, न्याय म्हणा, मला तिथे तिन्ही शब्द एकाच कामात दिसतात.

महालकर:
मान्य. पण ‘न्याय’ मराठीत केवळ कोर्टाचा राहिलेला नाही. संविधानाच्या उद्देशिकेत ‘सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय’ आहे, आणि सामाजिक पहिला. दीक्षाभूमीच्या गावात त्या शब्दाला कोर्टाबाहेरचं वजन आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या मागे लागते, तिथेही ग्रीक क्रियापदात तीच ‘दिके’ आहे. ती मागत राहते, आणि त्या मागत राहण्यालाच येशूने प्रार्थनेचा नमुना केलं. मागणं म्हणजे काम सोडणं नव्हे.

धंतोलीकर:
विधवेचं लक्षात आलं नव्हतं. माझं म्हणणं एवढ्यापुरतं मागे घेतो.

सदरकर:
दोघांचेही मनापासून आभार. आता मी वाचताना ‘नीतिमत्त्व, म्हणजे न्यायाने वागणं आणि न्यायासाठी उभं राहणं’ असं सांगून मगच पुढे जाते. लांबतं, पण गाळत नाही.
याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, ते वचन मावशींना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं. काल कामगार आयुक्तांच्या कार्यालयासाठी त्यांचा अर्ज लिहिला. मी सुरुवात ‘न्याय मिळावा म्हणून’ अशी केली होती. त्यांनी थांबवलं: “आधी तीन महिन्याची मजुरी लिवा, आकड्यात. न्याय मंग लिवा.”