घरच्यांबरोबर पाहिलेला सिनेमा : तुमचे अनुभव

नवा मराठी सिनेमा आला की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला : ‘सगळ्यांनी मिळून बघता येईल ना?’ 2023 पासून आलेल्या सिनेमांपैकी कोणता, कोणाबरोबर पाहिलात आणि घरी आल्यावर काय बोलणं झालं, ते इथे लिहा. परीक्षण नको, अनुभव हवा.

माझ्यापासून सुरुवात करते. जुलै 2023, ‘बाईपण भारी देवा’, सोबत आई आणि दोन मावश्या. अर्धं थिएटर नऊवारीत होतं. सहा बहिणींची इतकी वर्षांची दुखणी मंगळागौरीच्या स्पर्धेभोवती सुटतात, हे मला जरा सोपं वाटलं. पण घरी आल्यावर आईने खेळांची नावं सांगायला घेतली. आगोटं-पागोटं, गाठोडं, दिंडा, साळुंकी. मी वहीत उतरवून घेतली. ती हे सगळं खेळलेली आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

रानजाई
‘नाच गं घुमा’ मी आमच्या कामाच्या मावशींना घेऊन पाहिला. नम्रता संभेरावच्या आशाताईंवर त्या मनापासून हसल्या. रिक्षात मात्र म्हणाल्या, “ताई, तिच्या बाईसाहेब चांगल्या आहेत. पण आजारी पडल्यावर पगार कापतात का, ते दाखवलं नाही.” त्या महिन्यापासून आम्ही भरपगारी रजा ठरवून घेतली. आधी मला सुचायला हवं होतं.

वऱ्हाडची लेक
‘स्थळ’ बाबांबरोबर पाहिला. आमच्या तालुक्यात लागलाच नव्हता, नागपूरला गेलो. सुरुवातीलाच बायका मुलाला ‘बघायला’ बसतात, नाव-उंची-शिक्षण विचारतात. लोक हसले. मग तेच प्रश्न सविताला, पुन्हा पुन्हा, आणि हसू हळूहळू थांबलं. माझे स्वतःचे असे अकरा कार्यक्रम झालेत. रंगावरून, उंचीवरून, एकदा नुसतं ‘कळवतो’ म्हणून नकार. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, पडद्यावर तिथलीच माणसं, कापसाच्या भावावर अडलेलं लग्न. सगळं आमच्या घरातलं. परतीच्या बसमध्ये बाबा बुटीबोरीपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “तुले मी एकदाबी नाही विचारलं, तुले पोरगा पसंत हाये का म्हून.” बारावा कार्यक्रम आमच्या घरी झाला नाही. ‘सहकुटुंब’ म्हणून जाहिरात झाली नसेल, पण मुलीच्या बापाने मुलीला शेजारी बसवून बघावा असा हाच सिनेमा आहे.

पावसाळी
‘वाळवी’! नवरा आणि त्याची प्रेयसी बायकोच्या खुनाचा बेत आखतात, असा विषय. सासूबाईंना नेताना मी धास्तावले होते, पण सगळ्यात जास्त त्याच रंगल्या. शेवट कोणालाही सांगायचा नाही, हे वचन त्यांनी भिशीतही पाळलं. परेश मोकाशींच्या पटकथेत एक ओळ फुकट जात नाही.

कुडाळकर
‘दशावतार’ वडिलांबरोबर, मुंबईत. ते तरुणपणी गावच्या धयकाल्यात, म्हणजे दशावताराच्या खेळात, मृदंग वाजवायचे. दृष्टी जात असलेला बाबुली, जत्रेतला रात्रभराचा खेळ, स्वतःच्या हाताने रंगवलेला चेहरा. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशीच्या घरात हे केलंय, त्याला माझा नमस्कार. उत्तरार्धातला खाणवाल्यांवरच्या सूडाचा भाग मला भडक वाटला, तसं बोललोही. वडील म्हणाले, “डोंगर गेल्यावर राग येतलोच रे.” खाणींबद्दल ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. कोणती जमीन गेली, कोण सही करून बसलं, सगळं. जेवण रात्री साडेअकराला झालं.

पावसाळी
कुडाळकर, उत्तरार्धाबद्दल मी तुमच्या वडिलांच्या बाजूने.

एक आई
दोन दिवस लिहू की नको करत होते.

‘साबर बोंडं’ सप्टेंबर 2025 मध्ये आला तेव्हा आधी एकटी गेले. त्याला सनडान्सला मोठं पारितोषिक मिळाल्याचं वाचलं होतं, पण मी गेले ते विषय कळला म्हणून. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक ‘लग्न कधी’ विचारत राहतात, आणि तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, दोघं प्रेमात पडतात. आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे. ती मोठं भाषण देत नाही, मुलाच्या बाजूने नुसती उभी राहते.

माझ्या मुलाने मला तीन वर्षांपूर्वी सांगितलं. मी तेव्हा म्हटलं होतं, “बरं, पण बाहेर बोलू नकोस.” त्या वाक्याला मी आधार समजत होते.

पुढच्या रविवारी त्याला घेऊन पुन्हा गेले. सिनेमा संथ आहे, आमच्या पुढचे दोघे मध्येच उठून गेले. आम्ही शेवटपर्यंत बसलो. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “आई, तू आधी पाहिलायस ना?” मी हो म्हटलं. मग विचारलं, “तुझा कोणी आहे का?”

आहे. शनिवारी जेवायला येतोय. त्याला वांगं चालत नाही, एवढं कळलंय.