मदत हवी आहे: प्रेशरचा आकडा १८७ बारच्या पुढे सरकत नाही

नमस्कार. बेळगावला उद्यमबागेतील एका लहान कारखान्यात हायड्रॉलिक व्हॉल्व्ह तपासण्याच्या टेस्ट बेंचचे कंट्रोल पॅनेल माझ्याकडे आहे. बेंचवर ० ते २५० बारचा, ४ ते २० मिलीअँपिअर सिग्नल देणारा दोन तारांचा प्रेशर ट्रान्समीटर (दाब मोजून त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमी-जास्त करणारे उपकरण) असून तो २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (डीसी वीजपुरवठ्यावर) चालतो. त्याचा सिग्नल पॅनेलच्या दारावरील मीटरमधून पुढे पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) अ‍ॅनालॉग इनपुटमध्ये जातो आणि या दोन्हींचा रोध प्रत्येकी २५० ओहम आहे. इतकी वर्षे त्यात काही अडचण नव्हती.

तपासणीसाठी येणाऱ्या ग्राहकाला लांबूनही आकडा दिसावा म्हणून गेल्या महिन्यात आम्ही मोठा डिस्प्ले बसवला. त्याचे इनपुट १ ते ५ व्होल्टचे असल्याने त्याच्या टर्मिनलवर २५० ओहमचा रेझिस्टर लावून तोही मी त्याच लूपमध्ये (प्रवाहाच्या त्याच मार्गात) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडला. आता १५० बारपर्यंत तिन्ही आकडे काट्याच्या गेजशी जुळतात, परंतु गेज २१० बार दाखवत असतानाही ते तिन्ही १८७ वरच थांबतात. आमच्या ऑपरेटरच्या शब्दांत, ‘काटा पुढं चाललाय, आकडा मात्र तिथंच बसलाय.’

कॅलिब्रेटरने (ठरावीक प्रवाह देणाऱ्या तपासणी उपकरणाने) लूपमध्ये २० मिलीअँपिअर सोडले की तिन्ही ठिकाणी बिनचूक २५० येतात, म्हणून ट्रान्समीटरच बिघडला असावा असे मानून मी नवा आणला. तोही १८७ वरच अडकला. शिवाय प्रपोर्शनल व्हॉल्व्हला (सिग्नलच्या प्रमाणात उघडणाऱ्या व्हॉल्व्हला) जाणाऱ्या ० ते १० व्होल्टच्या सिग्नलवर समांतर लावलेला मीटर पंपाची ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) सुरू होताच नाचू लागतो. दोन्ही दोषांचे मूळ एकच असावे का?

उत्तर:
दोन्ही दोष वेगळे आहेत. पहिल्याचे कारण आपण दिलेल्या आकड्यांतच दिसते. ० बारला ४ आणि २५० बारला २० मिलीअँपिअर धरल्यास १८७ बार म्हणजे जवळजवळ १६ मिलीअँपिअर. लूपमधील एकूण रोध आता ७५० ओहम झाला आहे, म्हणजे १६ मिलीअँपिअरला १२ व्होल्ट तिथेच खर्च होतात आणि २४ पैकी ट्रान्समीटरच्या वाट्याला फक्त १२ व्होल्ट उरतात. त्याच्या माहितीपत्रकात किमान व्होल्टेज तेवढेच दिलेले असेल, तर त्यापुढे तो प्रवाह वाढवूच शकत नाही. कॅलिब्रेटर स्वतःच्या ताकदीवर प्रवाह ढकलतो, त्यामुळे त्या चाचणीत ही कमतरता झाकली गेली.

मोठ्या डिस्प्लेचा रेझिस्टर काढून टाका आणि त्याला सिरीजमध्ये न ठेवता पीएलसीच्या इनपुट टर्मिनलांवर समांतर जोडा, कारण तिथल्या २५० ओहमवर १ ते ५ व्होल्ट आयतेच मिळतात. मात्र पीएलसी लूपमध्ये शेवटी, म्हणजे ० व्होल्टच्या बाजूला असू द्या. नाहीतर डिस्प्लेचे ऋण टर्मिनल आतून अर्थला जोडलेले असल्यास नवीन गोंधळ होईल. दुसऱ्या दोषासाठी ० ते १० व्होल्टच्या केबलची शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) दोन्ही टोकांना अर्थ केली आहे का, आणि ती केबल मोटरच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली आहे का, तेही पाहावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद:
माहितीपत्रकात किमान १२ व्होल्टच आहेत. ते पान मी नवा ट्रान्समीटर मागवण्याआधी उघडायला हवे होते. डिस्प्ले समांतर घेतल्यावर काल २४० बारपर्यंत दाब चढवला, तिन्ही आकडे गेजबरोबर चढत गेले आणि त्या वेळी ट्रान्समीटरच्या टर्मिनलांवर मल्टिमीटरने १४.३ व्होल्ट दाखवले. शील्ड खरोखरच दोन्ही टोकांना अर्थ केलेली निघाली. व्हॉल्व्हकडचे टोक सोडवल्यावर मीटरचे नाचणे बरेच कमी झाले असले, तरी पूर्ण थांबलेले नाही, कारण दोन्ही केबल अजून एकाच ट्रेमध्ये आहेत. रविवारी बेंच बंद असताना सिग्नलची केबल वेगळ्या पाइपातून नेतो आणि फरक इथेच कळवतो.