शब्दचर्चा: हाईड, सप्रेस आणि लाईटवेट, तिघांनाही ‘लपवणे’च म्हणायचं का?

रबाळे एमआयडीसीत कन्व्हेयरचं डिझाइन करतो, सॉलिडवर्क्सवर (कॅड, म्हणजे संगणकावर थ्रीडी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर). आमच्याकडे बोलणं सगळं मराठीत आणि इथेच घोळ होतोय. गेल्या आठवड्यात १९०० पार्टची असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) होती, त्यात ११०० तर नुसते नट-बोल्ट-वॉशर, तेही कुठूनतरी डाउनलोड केलेले, प्रत्येकाला खरे आटे पाडलेले. फाईल फिरवली की मशीन गचके खायचं. मी लोकलमधून नवीन पोराला फोन केला, बोल्ट लपव सगळे. त्याने बिचाऱ्याने टॅब दाबून दाबून सगळे घालवले आणि अर्ध्या तासाने फोन, सर लपवले, फिरवताना जरा बरं वाटतंय पण फाईल उघडायला तेवढाच वेळ. मग सांगितलं की अरे सप्रेस कर रे, म्हणजे नुसता दिसेनासा नाही, हिशेबातूनच काढ. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं तो मोटरचा ब्रॅकेट जरा लपव, आतला शाफ्ट बघायचाय, तर हा आदल्या दिवशीचा शहाणपणा वापरून सप्रेस करून मोकळा. ब्रॅकेटबरोबर त्याचे मेटही (पार्ट एकमेकांना जागेवर धरणारी बंधनं) गेले, मोटर सुटी झाली, माऊस लागला आणि ती सरकली वीतभर, आणि ड्रॉइंगवर वजन १८ किलो कमी. चेकिंगला सापडलं म्हणून वाचलो. पोराची चूक नाहीये, मी दोन्हीला एकच क्रियापद वापरलं. तर हाईडला काय म्हणावं आणि सप्रेसला काय?

—

दादा, हे भांडण ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरपासूनचं आहे. वागळे इस्टेटला ड्राफ्ट्समन होतो तेव्हा लेयर (ड्रॉइंगचा एकेक थर) ‘ऑफ’ आणि लेयर ‘फ्रीज’ यात हेच व्हायचं. ऑफ केलेला लेयर दिसत नाही पण रिजनरेट होताना, म्हणजे ड्रॉइंग नव्याने मांडलं जाताना, हिशेबात असतो, फ्रीज केलेला नसतो. आणि इरेज कमांडला ‘ऑल’ दिलं की ऑफ लेयरवरचं पण उडतं, फ्रीजवरचं वाचतं. एकाने असं अख्खं डायमेन्शनिंग उडवलं होतं, दिसत नव्हतं ना त्याला! आम्ही ‘बंद’ आणि ‘गोठव’ म्हणायचो. गोठवणे चालेल की तुम्हाला.

—

काका, गोठवलेला पार्ट म्हटलं की आमच्या पोरांना तो ‘फिक्स’ केलेला वाटेल, हलत नाही असा. आणखी एक गोंधळ वाढेल.

—

मी कॅडवाली नाही, भाषेपुरतं बोलते. ‘लपवणे’मध्ये हेतू येतो, कुणाला कळू नये असा. ‘दडवणे’ त्याच्याही पुढचं, व्यापारी साठा दडवतो. शब्दकोशात सप्रेसला ‘दडपणे’ मिळेल, पण दडपतात ते बंड किंवा बातमी, बोल्ट कोण दडपणार? तुमच्या हाईडला ‘झाकणे’ घ्या. पातेल्यावर झाकण ठेवलं तर आमटी दिसत नाही, पण पातेलं उचलायला गेलात तर वजन तेवढंच. आणि ज्याचं वजनही जातं, यादीतूनही जातं, त्याला साधं ‘वजा करणे’. किराणाच्या वहीतला शब्द आहे, पोरांना समजावून सांगावा लागणार नाही.

—

वजा छान आहे पण एक खोडी काढतो. महापेला आम्ही इन्व्हेंटर हे दुसरं कॅड सॉफ्टवेअर वापरतो. तिथे २०२१ पर्यंत लेव्हल ऑफ डिटेल नावाची सोय होती, त्यात पार्ट सप्रेस केला तरी बीओएममध्ये (पार्टच्या यादीत) राहायचा, फक्त मेमरी वाचायची. २०२२ला मॉडेल स्टेट (एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या अवस्था) आल्या, तेव्हापासून सप्रेस म्हणजे बीओएममधूनही गेला. म्हणजे तुमचा ‘वजा’ आमच्याकडे २०२२ पासूनच लागू! आणि लाईटवेटला काय करणार?

—

मूळ प्रश्नवाला परत. लाईटवेटला मी आधी ‘हलका कर’ म्हणायचो, तर विचारलं, सर मटेरियल बदलू का. तसं ते नाहीच, वजन तेवढंच राहतं, पार्टची सगळी माहिती मेमरीत भरत नाही, लागेल तेव्हा घेतो एवढंच. ट्रीमध्ये (स्क्रीनवरच्या पार्टच्या यादीत) त्याला निळं पीस दिसतं, म्हणून आमच्यात आता ‘पिसावर ठेव’ चाललंय. भाषाशुद्धीवाल्यांनी माफ करावं. मेट चालू राहतात त्यामुळे रोजच्या कामाला हेच बरं पडतं, वजा फक्त नट-बोल्टांना, आणि तेही वेगळं कॉन्फिगरेशन (त्याच फाईलमधली दुसरी आवृत्ती) करून, म्हणजे ड्रॉइंगच्या कॉन्फिगरेशनला हात लागत नाही.

‘झाक’ आणि ‘वजा’ सोमवारपासून चालू केलेत, ताईंचे आभार. आज ब्रॅकेट ‘झाक’ म्हटलं तर बरोब्बर झाकला. मग बोल्ट परत आणायचे होते, मी सवयीने ‘अनसप्रेस कर’ म्हणणार एवढ्यात पोरगाच म्हणाला, सर, जमा करू का?