फँटसीचं पारायण दर वेळी अर्ध्यावर का अडकतं? क्रम, आवृत्त्या आणि पुन्हा वाचण्याजोग्या कादंबऱ्या

आडवाट (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

टोल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुन्हा वाचायला घेतलं की एका ठरावीक जागी वेग बसतो. ती जागा म्हणजे दुसऱ्या खंडाचा उत्तरार्ध, घातक अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो, त्याचा सोबती सॅम आणि वाटाड्या गोल्लम दलदलीत शिरतात तिथून पुढे. कथा माहीत असल्यामुळे 'आता काय होणार' ही ओढ नसते आणि पुस्तक बाजूला पडतं. त्यासाठी तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

दुसऱ्या-तिसऱ्या वाचनाला काही वेगळी पद्धत आहे का? आवृत्ती कुठली घ्यावी? आणि याखेरीज कुठल्या फँटसी कादंबऱ्या पहिल्यापेक्षा दुसऱ्या वाचनात जास्त देतात? स्पॉयलर चालतील, कारण प्रश्नच पुन्हा वाचण्याबद्दल आहे.

तळटीप

पद्धत आहे, आणि ती पुस्तकातच दिलेली आहे. शेवटच्या खंडातलं परिशिष्ट 'ब' उघडा. त्यात घटनांची तारीखवार जंत्री आहे. कॅलेंडरप्रमाणे वाचायचं, म्हणजे गोष्टीत जी तारीख असेल त्या तारखेला ते प्रकरण.

आधी रचना डोक्यात घ्या. खंड ३ असले तरी आत पुस्तकं ६ आहेत आणि प्रकरणं एकूण ६२. फ्रोडोला अंगठी देणाऱ्या बिल्बोचा वाढदिवस २२ सप्टेंबरला. पहिल्या दोन प्रकरणांतच १७ वर्षं निघून जातात, त्यामुळे ती दोन्ही त्या एका दिवशी उरकावीत. फ्रोडो घर सोडतो २३ सप्टेंबरला. वेदरटॉपचा हल्ला ६ ऑक्टोबर, रिव्हेंडेलजवळची नदी २० ऑक्टोबर, एलरॉन्डची सभा २५ ऑक्टोबर. तिथून निघतात थेट २५ डिसेंबरला. मोरिया १३ ते १५ जानेवारी. २६ फेब्रुवारीला मंडळी फुटतात आणि २५ मार्चला अंगठी नष्ट होते.

बहुतेकांचं गणित चुकतं ते इथे. सहा महिने म्हणजे साधारण २६ आठवडे, प्रकरणं ६२, म्हणून आठवड्याला जवळपास अडीच प्रकरणं, असं समान वाटप केलं की योजना फसते. गोष्टीचा काळ समान पसरलेला नाही. नोव्हेंबर-डिसेंबर जवळपास रिकामे आहेत, आणि तिसरं, चौथं, पाचवं पुस्तक अधिक सहाव्याची पहिली तीन प्रकरणं, म्हणजे ३४ प्रकरणं, २६ फेब्रुवारी ते २५ मार्च एवढ्यातच कोंबलेली आहेत. अर्ध्याहून जास्त कादंबरी एका महिन्यात! गुरुचरित्राच्या सप्ताहातही पहिल्या दिवशी नऊ अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच असतात. पारायणाचे टप्पे मजकूर बघून पाडायचे असतात, पानं मोजून नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या रिकाम्या जागेत परिशिष्ट 'अ' मधली अ‍ॅरॅगॉर्न आणि आर्वेनची कथा वाचा. लेखकानं ती मुख्य कथेबाहेर ठेवली, त्यामुळे पहिल्या वाचनात सहाव्या पुस्तकातलं लग्न एकदम उपटल्यासारखं वाटतं. ती आधी वाचली की रिव्हेंडेलच्या मेजवानीत आर्वेन नुसती बसलेली दिसते तो परिच्छेद पूर्ण वेगळा वाचला जातो, आणि अ‍ॅरॅगॉर्नचं तिथलं प्रत्येक मौनसुद्धा.

पिंपळपार

तळटीप, पद्धत उत्तम आहे, पण एक अडचण राहिली. हॉबिटांच्या (फ्रोडोच्या बुटक्या जमातीच्या) कॅलेंडरमध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा असतो, म्हणून परिशिष्टात २९ आणि ३० फेब्रुवारीही आहेत. आणि हे दिवस भाकड नाहीत. २९ तारखेला मेरी आणि पिपिन शत्रूच्या ऑर्क सैनिकांच्या तावडीतून सुटून ट्रीबिअर्ड या बोलणाऱ्या झाडाला भेटतात, त्याच दिवशी फ्रोडोला गोल्लम सापडतो. ३० ला अ‍ॅरॅगॉर्नची एओमरशी गाठ पडते. आपल्या कॅलेंडरवर चालणारा वाचक २८ फेब्रुवारीहून १ मार्चवर उडी मारतो आणि मग सगळंच दोन दिवसांनी मागे पडतं. उपाय सोपा आहे: २७ आणि २८ या दोन दिवसांत त्या जादा दिवसांचाही मजकूर वाचून टाकायचा. १ मार्चपासून तारखा परत जुळतात.

आता आवृत्ती. २००४ साली पन्नास वर्षांच्या निमित्तानं तपासलेला मजकूर निघाला. त्यात आधीच्या छपाईत साचत गेलेल्या शेकडो लहान चुका दुरुस्त केल्या आहेत. त्यानंतरच्या आवृत्त्यांत सुरुवातीला मजकुराबद्दलचं टिपण असतं, ते बघून घ्या. जुनं पुस्तक घेत असाल तर शेवटची पानं आधी उलटा, परिशिष्टं आहेत ना ते पाहा. १९६८ च्या एकखंडी पेपरबॅकमध्ये आर्वेनची कथा सोडून बाकी सगळी परिशिष्टं गाळली होती, म्हणजे तारखांची जंत्रीही गेली. एकच जाडजूड खंड घेण्यापेक्षा तीन सुटे बरे. नकाशा एका खंडात उघडा ठेवून दुसरा वाचता येतो. पेपरबॅकमधला नकाशा बारीक आणि मध्ये शिवणीत गेलेला असतो, त्याची मोठ्या कागदावर प्रत काढून घडी पुस्तकात ठेवावी.

'द हॉबिट'ही आधी वाचणार असाल तर एक लक्षात ठेवा. १९३७ च्या पहिल्या आवृत्तीत गोल्लम कोड्यांच्या पैजेत अंगठी स्वखुशीनं द्यायला तयार असतो. पुढच्या कथेशी ते जुळेना, म्हणून १९५१ मध्ये ते प्रकरण बदललं. आणि जुनी हकिकत वाया न घालवता, 'बिल्बोनं आधी खोटं सांगितलं होतं' असा तिचा उपयोग केला. अंगठी पहिल्या दिवसापासून माणसाला खोटं बोलायला लावते, हे दाखवणारा याहून चांगला पुरावा पुस्तकात दुसरा नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेत अंगठी सापडल्याचा भाग म्हणूनच वगळू नये.

आडवाट

दोघांचेही आभार. पण मूळ दुखणं दलदलीचं आहे. मार्चमध्ये ३४ प्रकरणं आली म्हणजे तिथे अजूनच कोंडी होणार ना?

तळटीप

उलट तिथेच ती फुटते. वेग बसण्याचं कारण मांडणीत आहे. तिसऱ्या पुस्तकाची ११ प्रकरणं घोडेस्वार, लढाया, बोलणारी झाडं यांची आहेत, आणि त्यानंतर लागोपाठ १० प्रकरणं तीनच पात्रं चालत राहतात. पहिल्या वाचनात हे लागतं, कारण सॅम-फ्रोडोचं काय झालं हे कुणालाच कळू नये असा लेखकाचा डाव आहे. पाचव्या पुस्तकाच्या शेवटी शत्रूचा दूत फ्रोडोचा चिलखती सदरा उंचावून दाखवतो, तेव्हा गॅन्डाल्फइतकाच वाचकही हादरतो. प्रत्यक्षात सॅमनं फ्रोडोला १४ मार्चलाच सोडवलेलं असतं आणि सदरा दाखवतात २५ ला. हे माहीत असलेल्याला तो धक्का दुसऱ्यांदा बसत नाही. म्हणून दुसऱ्या वाचनात क्रम मोडायला काहीच हरकत नाही.

क्रम असा. तिसऱ्या पुस्तकाची सगळी ११ आणि चौथ्याची पहिली ३ प्रकरणं ५ मार्चला एकाच टोकाला येऊन थांबतात: इकडे पिपिन त्या काळ्या गोळ्यात डोकावतो, तिकडे फ्रोडो शत्रूच्या मुलखाच्या, मॉर्डोरच्या, बंद दरवाजासमोर लपलेला असतो. तेव्हा चौथ्याची ती तीन प्रकरणं तिसऱ्यात पेरा. गोल्लम भेटतो ते प्रकरण ट्रीबिअर्डच्या आधी, दलदलीचं हेल्म्स डीपच्या लढाईआधी, काळ्या दरवाजाचं अगदी शेवटी. दलदल मग दोन धावत्या प्रकरणांच्या मधे येते आणि तिची शांतता जड न होता अंगावर येते.

पुढे पाचव्याचं पहिलं प्रकरण फ्रोडो फारामिरच्या गुहेत असतो त्या प्रकरणाला लागून वाचा. रात्री घोड्यावरून जाताना पिपिनला चंद्र दिसतो, आणि लेखक तिथेच सांगून टाकतो की दूरवर फ्रोडोही तोच चंद्र मावळताना पाहतो आहे. खंडवार वाचताना या दोन जागांमध्ये कित्येक प्रकरणांचं अंतर पडतं आणि ते वाक्य नुसतं सजावटीचं वाटतं. लागून वाचलं की कळतं, चंद्राच्या कलासुद्धा दोन्ही बाजूंना जुळवलेल्या आहेत. १० मार्चचंही तसंच. सूर्य न उगवलेला तो दिवस रोहनच्या राज्यातही आहे, मिनास तिरिथ शहरातही, आणि त्याच संध्याकाळी चौरस्त्यावरच्या पडलेल्या पुतळ्याच्या मस्तकावर फ्रोडोला शेवटचं ऊन दिसतं.

एक पथ्य: प्रकरण मधून तोडू नका. बऱ्याच प्रकरणांत पात्रं मागचं सांगत बसतात (मेरी-पिपिन आयसेनगार्डच्या पाडावाची हकिकत सांगतात ते मोठं उदाहरण), तिथे तारखेनुसार चिरफाड केली तर बोलणाऱ्याचा सूरच हरवतो. प्रकरण ज्या तारखेला संपतं ती त्याची तारीख धरा. दिवसाला दोन प्रकरणं जमत नसतील तर तारखांचा हट्ट सोडा, क्रम तेवढा ठेवा.

आणि २५ मार्चला पुस्तक मिटू नका. उरलेली सहा प्रकरणं म्हणजे शेपूट नाही. शायर या हॉबिटांच्या मुलखातली शेवटची लढाई ३ नोव्हेंबरची आहे, तोपर्यंत हे चौघे काय शिकून आले ते तिथेच दिसतं.

निळीशाई

तिसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: अर्सुला ले ग्विन यांची 'अर्थसी' मालिका. एकतर आकार. पहिलं पुस्तक 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) अवघ्या १० प्रकरणांचं आहे, शनिवार-रविवारात होतं. दुसरं म्हणजे त्यात एकही वाक्य भरतीचं नाही, त्यामुळे पहिल्यांदा हातून निसटलेलं दुसऱ्यांदा हमखास सापडतं.

उदाहरणं देते. नायक गेडच्या हातून जादूच्या शाळेत एक भयंकर सावली सुटते असं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ती त्याच्या आधीच, दुसऱ्या प्रकरणात, त्याचा गुरू ओगियनच्या घरात दाराशी दिसून गेलेली असते. त्या वेळी त्याला डिवचणारी जी मुलगी असते, तीच सातव्या प्रकरणात किल्ल्यातली सेरेट म्हणून परत येते. याच सातव्या प्रकरणात ओगियन त्याला पळणं सोडून मागे वळायला सांगतो, आणि तिथून सावजाचा शिकारी होतो. शेवट माहीत असताना गेडनं 'नाव' या गोष्टीबद्दल काढलेला प्रत्येक शब्द तपासून बघा. आणखी एक: गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र वेच काळा. लेखिका हे मुद्दाम गाजावाजा न करता, कथा चालू असताना सांगते. कित्येक वाचक पहिल्या वाचनात त्याला गोरा समजून पुढे जातात.

क्रम प्रकाशनाचाच ठेवा: पहिली तीन, मग 'तेहानू' (१९९०), मग 'टेल्स फ्रॉम अर्थसी' आणि शेवटी 'द अदर विंड' (दोन्ही २००१). कथासंग्रह म्हणून 'टेल्स' गाळला जातो, ती चूक टाळा. त्यातली शेवटची 'ड्रॅगनफ्लाय' ही कथा म्हणजे पुढच्या कादंबरीचा पूल आहे, ती न वाचता 'द अदर विंड' घेतलं तर एक महत्त्वाचं पात्र अनोळखी राहतं. 'तेहानू' तिसऱ्या पुस्तकाला लगेच जोडून वाचू नका, थोडे दिवस जाऊ द्या. काळ लगेचचाच आहे, पण जादू गमावलेला माणूस, स्वयंपाकघर, शेळ्या, भाजलेली मुलगी असा सगळा सूर वेगळा आहे. साहसाच्या तंद्रीत उघडलं की ते पुस्तक अन्यायानं मिटलं जातं.

सुझाना क्लार्क यांचं 'पिरानेसी' (२०२०) हेही दुसऱ्या वाचनासाठीच रचलं आहे म्हणा ना. निवेदक आपल्या वह्या, त्यांचे क्रमांक, वर्षांची नावं फार काटेकोरपणे लिहितो. पहिल्यांदा ते लहरीपण वाटतं. दुसऱ्यांदा फक्त त्या नोंदींवर नजर ठेवा. याहून जास्त सांगत नाही, इथे कुणी पहिल्यांदाच वाचणारं असेल.

पिंपळपार

लांबलचक मालिकेचं पारायण करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: 'द व्हील ऑफ टाइम' (१४ खंड, १९९० ते २०१३) मधला सातव्या ते दहाव्या खंडांचा संथ भाग दुसऱ्यांदा तितका सलत नाही. मूळ वाचकांना दोन खंडांमध्ये वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, आता पुढचा खंड शेजारीच असतो. दहाव्यात बरीच पात्रं नवव्याच्या शेवटी घडलेल्या एकाच घटनेकडे आपापल्या जागेवरून पाहताना दिसतात. नववा संपवून त्याच आठवड्यात दहावा घ्या, महिना मधे गेला की दुवा तुटतो.

गढीचा दरवाजा

इंग्रजीच्या बाहेरही बघूया की. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' (१८८८) मूळ हिंदीतच वाचा, लिपी आपलीच आहे आणि भाषाही फार आड येत नाही. भाग ४ आहेत. पहिल्या वाचनात नौगढ, विजयगढ, चुनार यांच्या राजकारणात आणि तिलिस्माच्या (जादुई भुलभुलैयाच्या) दारांत माणूस गुंततो. दुसऱ्यांदा ऐयारांकडे, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांकडे बघायचं. तेजसिंह असो की चपला, प्रत्येकाचा बटवा ठरलेला: कमंद (भिंत चढायचा दोर), खंजीर, बेशुद्ध करायची पूड, शुद्धीवर आणायला लखलखा, चेहरा बदलायला रंग. कोण कुणाच्या वेषात आहे हे माहीत असताना संवाद वाचले की फसवणाऱ्याची कारागिरी दिसते: कुठला प्रश्न तो टाळतो, कुठे घाई करतो. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडा: खरा कोण, वेष कुणाचा, कुठल्या प्रसंगात उघडा पडला. हा कागद नसेल तर मधल्या भागांत गोंधळ नक्की.

'चंद्रकांता संतति' लगेच सुरू करू नका, ती २४ भागांची आहे आणि पात्रांची पुढची पिढी येते. कागद चालू ठेवायची सवय झाली असेल तरच तिला हात घाला. त्यापुढचं 'भूतनाथ' खत्रींच्या हातून अपुरं राहिलं, ते त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरं केलं, त्यामुळे हात बदलल्याचं जाणवेल.

आडवाट

तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकाची प्रकरणं पेरून क्रम लिहून काढला. एक शंका: शेलोब या राक्षसी कोळिणीचं प्रकरण चित्रपटात तिसऱ्या भागात येतं, ते कुठे बसवायचं?

तळटीप

चित्रपट बाजूला ठेवा, पुस्तकात ते दुसऱ्या खंडाच्या शेवटीच आहे. फ्रोडो पकडला जातो १३ मार्चला, मिनास तिरिथचा वेढा १४ चा. म्हणजे चौथ्या पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं वेढ्याच्या प्रकरणाआधी घ्या, आणि सॅम बुरुजात शिरतो ते सहाव्याचं पहिलं प्रकरण पेलेनॉरच्या लढाईच्या अगदी आधी. रोहनची शिंगं वाजतात त्या सकाळी ते दोघे बुरुजातून निसटून मॉर्डोरच्या आत चालायला लागलेले असतात.