प्रतिसाद: सगळंच पाठांतर नसतं
चर्चमधल्या प्रार्थनेबद्दल "दर रविवारी तेच तेच पुटपुटायचं, यात भक्ती कसली" असं एकाने लिहिलंय ते अर्धं पटतं, घड्याळ बघत 'आमेन' म्हणणारे आमच्याकडेही ढिगाने आहेत. पण सगळंच तेच नसतं हो, कॅथलिक मिस्सात (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेत) रविवारची बायबलमधली वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, येशूच्या जीवनावरच्या चार पुस्तकांपैकी एक वर्ष मत्तय मग मार्क मग लूक, योहान मुख्यतः उपवासकाळात (ईस्टरच्या आधीचे साधारण चाळीस दिवस) आणि ईस्टरच्या दिवसांत. हे १९६९ च्या सुधारणेतलं, आधी दरवर्षी तीच वाचनं यायची. म्हणजे फादरना अडचणीचा वाटणारा उतारासुद्धा टाळता येत नाही, त्यावर बोलणं अपेक्षित असतं (काही जण तरी शिताफीने वर्गणीवर येतात, ते सोडा).

आणि उपवासकाळात आलेलुया (देवाच्या स्तुतीचा आनंदी घोष) पूर्ण बंद असतं, ते थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या मिस्सात परत येतं, तेव्हा एरवी ओठ न हलवणारेसुद्धा मोठ्याने गातात.